मृत्युपत्र करून देणारे धरमपेठेतील कार्यालय
एकसष्टी उलटल्यावर मृत्युपत्र करायला निघालो, तेव्हा घरच्यांनी ‘अभद्र बोलू नका’ म्हणून अडवले; पण येथील वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत, साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केलेले मृत्युपत्रही वैध असते आणि त्याची नोंदणी सक्तीची नाही, हे शांतपणे समजावले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले, अखेरच्या आजारात कृत्रिम उपचार नाकारण्याचे वैद्यकीय इच्छापत्रही त्यांनीच सुचवले. टंकलेखनात मात्र आईचे नाव दोनदा चुकले, आणि शुल्क (माझ्या मते) जरा जास्तच आहे. यादी करताना आजीच्या पितळी पानदानापाशी मी बराच वेळ अडखळलो. अखेर ते हयातीतच धाकट्या सुनेला दिले, आणि त्या संध्याकाळी फुटाळा तलावाकाठी कित्येक वर्षांनी, घड्याळ न पाहता, बसलो.