स्विमिंग पूलची गळती: पाण्याखाली पॅच की रिकामा करून वॉटरप्रूफिंग?

अलिबागच्या एका घरचा काँक्रीट-टाइल्सचा स्विमिंग पूल गळतोय. ठेकेदार म्हणतो रिकामा करा, मालकांना वाटतं पाण्याखालीच इपॉक्सी पुटीचा (पाण्यातही घट्ट होणाऱ्या लेपाचा) पॅच लावून भागेल.

आधी खात्री करा. पूलच्या पाण्यातल्या पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवा, बादलीच्या आतली आणि बाहेरची पातळी खुणेने टिपा. 24 तासांनी दोन्ही सारखीच उतरली तर ते बाष्पीभवन. पूलची जास्त उतरली तर गळती. पंप चालू असताना घट वाढत असेल तर संशय पाइपवर. मग हे दोन्ही उपाय थांबवा, आधी पाइपची प्रेशर टेस्ट (बंद पाइपमध्ये दाब टिकतो का ही तपासणी) करून घ्या.

खर्चात पॅचला तोड नाही. 10 बाय 5 मीटरच्या पूलमध्ये 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 500 लिटर; रिकामा केला की सगळं नव्याने भरायचं, वर मजुरी आणि टाइल्स.

टिकण्यात मात्र उलट. स्थिर, बारीक चिरेवर पॅच छान धरतो; हलणारी चीर त्याला पुन्हा फाडते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: कोकणात पावसाळ्यात पूल रिकामा करू नका. वर आलेलं भूजल खालून रेटतं, पूल उचलला जाऊन तडकू शकतो.

पूलमधल्या लाइटच्या कडेला किंवा स्किमरच्या (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) जोडावर पाण्यात थोडा रंग सोडून पाहा; तो आत ओढला जात असेल, तर पॅचच करा. टाइल्स जागोजागी पोकळ वाजत असतील तर उन्हाळ्यात रिकामा करून वॉटरप्रूफिंग करा, आणि पाणी भरून चाचणी झाल्याशिवाय नव्या टाइल्स लावू देऊ नका.