कॅपिटॉल (अमेरिकेचं संसद भवन) टूर, वॉशिंग्टन डीसी: फुकट आहे, चुकवू नका
आई-बाबांना घेऊन गेलो, तिकीट शून्य डॉलर, फक्त ऑनलाइन आधी बुक करा, आणि खायचं काही नेऊ नका हां, आमचा चिवडा गेटवरच राहिला (चूक आमचीच, नियम वाचलाच नव्हता). रोटंडा (मधला उंच घुमटाखालचा गोल हॉल) बघून मान दुखते पण भारी. हाऊसची (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची) गॅलरी बघायची तर पास वेगळा, तो अमेरिकेतल्या आपल्या भागाच्या खासदाराच्या ऑफिसातून. या सभागृहातले पहिले भारतीय वंशाचे खासदार दलीपसिंग सौंद १९२० मध्ये अमेरिकेत आले, १९४६ च्या कायद्यापर्यंत भारतीयांना नागरिकत्वच बंद, तोवर शेती केली आणि १९५६ मध्ये इथे निवडून आले! आता आपले बेळगावचे श्री ठाणेदारही २०२३ पासून याच सभागृहात, हे कळल्यावर बाबा खुर्ची सोडायलाच तयार नाहीत.