मोपा-दाबोळीवरील विमान कर्मचारी: युनियनमध्ये जावे की आपल्यापुरते पाहावे?

वास्कोतल्या ज्या घरांनी मुरगाव बंदरातील गोदी कामगारांच्या संघटना जवळून पाहिल्या, त्या घरांना युनियन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गोव्यातील मोपा या नव्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी उड्डाणे सुरू झाल्यावर पेडणे परिसरातील जी मुले-मुली ग्राउंड स्टाफ, लोडर (सामान चढवणारे) किंवा केबिन क्रू म्हणून कामाला लागली, त्यांच्यापुढे मात्र हा प्रश्न नव्याने उभा राहतो: सभासदत्वाच्या अर्जावर सही करावी, की कंपनीशी जे बोलायचे ते आपणच बोलावे? दोन्ही मार्ग बेतशीर आहेत. कोणता मार्ग कोणाला उपयोगी पडतो, हे काम कोणते आणि नेमणूकपत्रावर नाव कोणाचे यावर ठरते. माझ्या मते युनियनचा खरा उपयोग पगारवाढीपेक्षा नोकरीवर गदा आली असता आणि विश्रांतीच्या तासांच्या बाबतीत जास्त होतो. पगारासाठीच सभासद होणाऱ्यांची पुष्कळदा निराशा होते.

पगाराच्या बाबतीत एकट्याने वाटाघाटी करणाऱ्याची बाजू वाटते तितकी कमकुवत नसते, विशेषतः नव्या विमानांची मागणी नोंदवलेल्या कंपन्या प्रशिक्षित माणसे शोधत असतात तेव्हा. २ जुलै २०२२ रोजी इंडिगोच्या निम्म्याहून अधिक उड्डाणांना उशीर झाला. केबिन क्रूमधील अनेकांनी आजारपणाची रजा टाकली होती आणि त्याच सुमारास एअर इंडियाची भरती चालू होती. तेथे कोणत्याही युनियनने हाक दिली नव्हती. दुसरीकडे नोकरी मिळते आहे एवढीच गोष्ट कंपनीला विचार करायला लावण्यास पुरेशी ठरली. मात्र हे हत्यार सर्वांच्या हाती नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये कमांडर (विमानाच्या प्रमुख) पायलटसाठी राजीनाम्यानंतरचा नोटीस कालावधी एक वर्षाचा केला, त्यामुळे पायलटला मनात आले की निघून जाता येत नाही. लोडरची अडचण नेमकी उलटी आहे: तो केव्हाही जाऊ शकतो, पण त्याच्या जागी दुसरा माणूस लगेच मिळत असल्यामुळे त्याच्या जाण्याने कोणाचे काही अडत नाही.

अमेरिकेतील डेल्टा या कंपनीचे उदाहरण येथे दोन्ही बाजूंनी वापरले जाते. तिचे पायलट संघटित आहेत, पण केबिन क्रूने २००२, २००८ आणि २०१० अशा तीन मतदानांत युनियन नाकारली. तरीही प्रवासी विमानात चढत असतानाच्या वेळेचे पैसे केबिन क्रूला द्यायला डेल्टाने २०२२ मध्ये सुरुवात केली, तर अमेरिकन एअरलाइन्सच्या संघटित केबिन क्रूला ते २०२४ च्या करारात मिळाले. युनियनविरोधकांना हा बिनतोड पुरावा वाटतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: आपल्याकडे युनियन येऊ नये म्हणून काही कंपन्या आधीच हात सैल सोडतात, आणि ते करण्याचे कारण शेजारच्या कंपनीतील युनियन हेच असते.

नोकरीवर गदा येते तेव्हा मात्र तुलना एका बाजूला झुकते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने सामूहिक आजारपणाची रजा घेतली, शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीने सुमारे २५ जणांना कामावरून काढले. ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर समेट झाला व काढलेल्यांना परत घेण्याचे कंपनीने मान्य केले. तेथे बोलणी करायला नोंदणीकृत युनियन उपस्थित होती, म्हणून समेटाच्या टेबलावर दुसरी खुर्ची भरलेली होती. आता ऑक्टोबर २००८ आठवावा. जेट एअरवेजने एका फटक्यात सुमारे ८०० जणांना काढले आणि त्या मुलामुलींना राजकीय पक्षांच्या दारी जावे लागले. निर्णय फिरला, हे खरे. परंतु असा पाठिंबा कोणाला, केव्हा मिळेल याचा नेम नसतो, आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या प्रकरणावर वर्तमानपत्रे मथळे देत नाहीत.

कंपनीत तक्रार निवारण समिती आहे, मग युनियन कशाला, असे मनुष्यबळ विभागाचे अधिकारी सांगतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अशी समिती बंधनकारक आहे आणि तिच्यात मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. रोस्टरवरचा वाद, रजेचा नकार, चुकीची वेतनकपात अशा गोष्टींसाठी ही समिती खरोखर कामाची आहे आणि युनियनपेक्षा लवकर उत्तर देऊ शकते. पण समितीचा निर्णय पटला नाही, तर ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाण्याचा अर्ज कामगाराने ज्या युनियनचा तो सभासद आहे तिच्यामार्फत करायचा असतो. बडतर्फीविरुद्ध एकट्याने दाद मागता येते. इतर तक्रारींत युनियनबाहेरचा माणूस समितीच्या दारापाशीच अडकण्याची शक्यता आहे. युनियनमध्ये काम केल्याबद्दल एखाद्याला काढणे हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथा ठरते, मात्र ती सिद्ध करायला लागणारा काळ कोणी लपवू नये.

विश्रांतीचा मुद्दा गोव्यात अधिक बोचतो. दाबोळी हा जुना विमानतळ नौदलाचा तळ असल्यामुळे सरावासाठी सकाळच्या काही तासांत तेथील नागरी उड्डाणांवर बंधने असतात, आणि मग वाहतुकीची गर्दी दुपारनंतर व रात्री लोटते. पायलटांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली, ती पायलट संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या पाठपुराव्यामुळे. या तरतुदी २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाल्या. एकट्या पायलटने असा खटला वर्षानुवर्षे चालवला असता, ही कल्पनाच करवत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचे वेळापत्रक कोलमडल्यावर सरकारने त्याच कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट दिली, म्हणजे मिळवलेला नियम टिकवण्याचे कामही संघटनांकडेच राहिले.

युनियनची किंमतही मोजली पाहिजे, आणि वर्गणी हा तिचा सर्वांत लहान भाग आहे. एअर इंडियाच्या पायलटांचा २०१२ चा संप सुमारे दोन महिने चालला, संघटनेची मान्यता गेली आणि शंभरच्या आसपास पायलट बडतर्फ झाले. विमान वाहतुकीत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस पूर्वीही लागत होती. नव्या संहितेने निम्म्या किंवा अधिक कामगारांची एकाच दिवशीची सामूहिक नैमित्तिक रजासुद्धा संप ठरवली आहे. त्यामुळे व्हॉट्सॲप गटावर ठरवून घेतलेली रजा आता सभासदालाच अडचणीत आणू शकते. दुसरी किंमत कमी बोलली जाते. एअर इंडियात पुरुष केबिन क्रू ५८ व्या वर्षापर्यंत उड्डाण करीत असताना महिलांना पन्नाशीनंतर जमिनीवरील कामाला लावणारी व्यवस्था युनियनच्या करारावर उभी होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्ध दिलेला निर्णय २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला, आणि त्या खटल्यात संघटना आपल्याच काही महिला सहकाऱ्यांच्या विरुद्ध उभी होती. बहुमताच्या संघटनेत अल्पमताचे हित आपोआप सांभाळले जात नाही. सही करण्यापूर्वी कार्यकारिणीत किती स्त्रिया आहेत आणि ग्राउंड स्टाफचा कोणी आहे का, हे अवश्य विचारावे.

कंपनीच बुडाली, तर युनियन विमान उडवू शकत नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली तेव्हा संघटित आणि असंघटित दोघांचेही पगार थकले होते. पुढे भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीसाठी कर्मचारी संघटना दिवाळखोरीच्या प्रकरणात लढत राहिल्या, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रकमा देण्याचा आदेश कायम ठेवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळण्याचा, आदेश झाला.

सर्वांत अवघड निर्णय कंत्राटदाराकडे असलेल्यांचा आहे. विमानाजवळ बॅगा चढवणारा माणूस प्रवाशाला विमान कंपनीचा वाटतो, पण त्याचा पगार बहुधा ग्राउंड हँडलिंग कंपनी किंवा तिचा उपकंत्राटदार देतो. कंत्राटी कामाची प्रथा रद्द झाली की कामगार मूळ मालकाकडे आपोआप सामावले जावेत, असा निर्णय १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. तो एअर इंडियाच्याच कंत्राटी कामगारांचा खटला होता. २००१ मध्ये घटनापीठाने तो निर्णय रद्द ठरवला. तेव्हापासून "आधी युनियन करा, मग कायम होऊ" हे आश्वासन कोणी देत असेल, तर ते सावधपणे ऐकावे. त्यातच विमानतळाचा प्रवेश पास मालकामार्फत मिळतो, त्यामुळे नोकरी गेली की पासही जातो आणि आत राहिलेल्या सहकाऱ्यांना भेटणे फाटकाबाहेरच शक्य होते.

म्हणून माझी शिफारस सर्वांना सारखी नाही. पायलटने आपल्या संघटनेत असावे. केबिन क्रूने, विशेषतः विलीनीकरण चालू असलेल्या कंपनीत, नोंदणीकृत युनियनला प्राधान्य द्यावे. नोंदणीसाठी आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते, मात्र सात जण तरी हवेतच. दोन-तीन वर्षांत आखाती देशांतील कंपनीत जायचे निश्चित असलेल्या तरुणीने तक्रार समितीवर विसंबून राहिले, तर तिचे फारसे बिघडणार नाही. कंत्राटी लोडरने एका कंत्राटदारापुरती युनियन उभी करण्याच्या फंदात पडू नये, कारण कंत्राट बदलले की मान्यता मिळवण्याची खटपट पहिल्यापासून करावी लागते. अनेक आस्थापनांतील कामगार घेणाऱ्या एखाद्या मोठ्या महासंघाच्या संघटनेत जावे. मुदतबंद करारावर असलेल्यांनी नेमणूकपत्र आणि पगारपत्रके जपून ठेवावीत, कारण त्यांना आता वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. दाबोळीहून मोपाला बदली, रात्रीच्या शिफ्टनंतर घरी सोडणारे वाहन, पावसाळ्यात चार्टर उड्डाणे नसताना कामाचे दिवस कमी होणे, हे येथील रोजचे प्रश्न युनियनच्या मागणीपत्रात आहेत का, तेही पाहावे. मागणीपत्र मुंबईहून छापून आलेले असेल, तर हे प्रश्न त्यात सहसा नसतात.