राजवाड्याचा हेरिटेज वॉक: पैसे वसूल, पण माईक बदला राव

सासूबाई दिवाळीला इंदूरला आल्यात, लष्करहून, म्हणजे ग्वाल्हेरहून. रविवारी त्यांना घेऊन होळकरांचा राजवाडा ते कृष्णपुरा छत्र्या, म्हणजे त्यांच्याच समाध्या, असा पायी फिरवणारा वॉक केला. माणशी ४०० रुपये, वेळ सातची, सुरू झाला पावणेआठला. माईक असा खरखरत होता की मागच्या दहा जणांना निम्मं ऐकूच गेलं नाही, आणि शेवटी मिळालेले पोहे गार. इंदूरमध्ये गार पोहे म्हणजे गुन्हाच आहे हो.

पण गाइड पोरगा भारी होता. राजवाड्यासमोर उभं करून त्याने आधी बोट दाखवलं ते दगड संपून लाकूड सुरू होतं तिथे, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, मग १९८४ च्या आगीचा लॅमिनेट केलेला फोटो काढला आणि म्हणाला, ये पहली आग नहीं थी, पहिल्यांदा जळाला १८०१ मध्ये. मला वाटलं आता इंग्रजांचं नाव घेणार. तर नाही! ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे, त्यांनी इंदूर लुटलं आणि वाडा जाळला. शाळेत आम्हाला मल्हारराव, अहिल्याबाई आणि डायरेक्ट इंग्रज एवढंच होतं, मधलं हे घरचं भांडण कोणी सांगितलंच नाही.

पुढचं त्याने एका दमात सांगितलं, मागे ई-रिक्षावाला हॉर्न मारतोय तरी. १७९७ ला तुकोजी होळकर गेले, मुलांत गादीचा वाद, त्यात दौलतराव शिंद्यांनी काशीरावाची बाजू घेतली, एक भाऊ मल्हारराव मारला गेला, दुसऱ्याला म्हणजे विठोजीला पुण्यात दुसऱ्या बाजीराव पेशव्याने हत्तीच्या पायी दिलं, मग त्यांचा भाऊ यशवंतराव पेटले आणि जुलै १८०१ ला उज्जैनला शिंद्यांची फौज कापून शहराकडून खंडणी घेतली, त्याची परतफेड ऑक्टोबरमध्ये इंदूरला. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत हडपसरची लढाई यशवंतरावांनी जिंकली, बाजीराव पळाला वसईला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला.

इथे सासूबाईंनी विचारलं, "घाटगे म्हणजे आमच्या बैजाबाईंचे वडील ना रे बाळा?" पोरगा गप्प. त्याला माहीतच नव्हतं! लष्करात बैजाबाईंचं नाव आजही मानाने घेतात, त्या दौलतरावांच्या पत्नी, ते गेल्यावर कारभार त्यांनीच बघितला. बायको मला म्हणते, बघ, तुझं गाव जाळणाऱ्याच्या लेकीचं कौतुक ऐकत मी मोठी झालेय.

वॉकमध्ये मला कमी वाटलं ते हेच. भांडण रंगवून सांगतात, पण त्यातून आपण कसे घडलो ते नाही. महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरल्यावर १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, म्हणजे आजचं इंदूर उभं राहिलं ते पराभवानंतर. आणि दौलतरावांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला तो उठलाच नाही, तेच आमच्या सासरचं लष्कर. हेसुद्धा गाइडने नाही, सासूबाईंनी सांगितलं, "अहो, आमचं गावच तंबूत वसलंय." दोन्हीकडचे मराठी, आडनावंही बरीचशी तीच, तरी आमच्या लग्नात मामांनी पहिला प्रश्न काय केला, तर मुलगी शिंद्यांकडची का?

छत्र्यांपाशी मात्र घाईत उरकलं, दहा मिनिटं, आणि शिखराचं कोरीवकाम नीट बघायच्या आत पुढे चला पुढे चला. ऊनही चढलं होतं.

पाचपैकी साडेतीन. परतताना सासूबाईंनी दोन किलो लवंग सेव बांधून घेतली आणि पैसे मला द्यायला लावले, उज्जैनची खंडणी वसूल म्हणे. जायचं असेल तर थंडीत जा, पुढे गाइडच्या शेजारी उभे राहा, आणि पोहे घरून खाऊन निघा.