रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर : साताऱ्यातल्या दिवाणखान्यात काही महिने वापरल्यानंतर

निन्टेंडो स्विच या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरचा हा व्यायामाचा गेम मी गेल्या पावसाळ्यात सुरू केला आणि आता उन्हाळा तोंडावर आलाय. तो घ्यावा का, असं ऑफिसातल्या दोघींनी आणि एका नणंदेने विचारलं. प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

साताऱ्यात व्यायामाला जागांचा तुटवडा नाही. पहाटे अजिंक्यतारा गडावर आणि चार भिंतीच्या टेकडीवर चढणारी माणसं पाहिली की आपलंही मन होतं, आणि २०१२ पासून हिल मॅरेथॉन सुरू झाल्यापासून यवतेश्वरच्या घाटात पळणारे बारा महिने दिसतात. पण मी पतसंस्थेत नोकरी करते. सकाळचा वेळ डब्यांत जातो, संध्याकाळी घरी यायला सात वाजतात, आणि जून ते सप्टेंबर इथला पाऊस काय असतो ते सातारकरांना सांगायला नको. जिमची फी दोनदा भरून झाली होती. मला हवं होतं ते रात्री साडेआठला, घरातच, सासूबाईंची मालिका संपली की टीव्ही मोकळा झाल्यावर करता येईल असं काहीतरी.

गेम २०१९ च्या ऑक्टोबरात आला, म्हणजे नवा नाही. सोबत दाबता-ओढता येणारी एक लवचीक रिंग आणि मांडीला बांधायचा पट्टा मिळतो. स्विचचा उजवा कंट्रोलर रिंगमध्ये बसतो, डावा पट्ट्यात, म्हणजे डाव्या मांडीवर. रिंग किती जोराने दाबली किंवा ओढली ते तिच्यातल्या सेन्सरला कळतं आणि मांडी कुठल्या कोनात आहे ते पट्ट्यातल्या कंट्रोलरला. जागेवर धावलं की पडद्यावरचं पात्र धावतं. पायऱ्या आल्या की गुडघे उंच उचलायचे, रिंग खाली धरून दाबली की उडी. वाटेत राक्षस भेटतात आणि खरा व्यायाम तिथे होतो. प्रत्येक वार म्हणजे एक व्यायामप्रकार : स्क्वॉट (म्हणजे बैठका), प्लँक, उत्कटासन, वीरभद्रासन, पाठीवर पडून पाय उचलणं. थोडं पुढे गेल्यावर राक्षसांना रंग येतात. लाल असेल तर हाताचा व्यायाम जास्त लागू पडतो, पिवळ्याला पोटाचा, हिरव्याला योगासनं. त्यामुळे आवडीचाच प्रकार रोज करत बसायची सोय राहत नाही, आणि मला ही रचना फार आवडली. माझ्यावर सोडलं असतं तर मी पोटाच्या व्यायामाकडे फिरकलेच नसते.

राक्षस उलटा वार करतो तेव्हा काय होतं ते मुद्दाम सांगते, कारण घरच्यांना ती विश्रांती वाटते. रिंग पोटावर टेकवून आत दाबायची आणि वार संपेपर्यंत तशीच धरून ठेवायची. नुकतेच स्क्वॉट काढून मांड्या भरून आलेल्या, श्वास चढलेला, आणि त्यातच पोट आवळून उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या पोटाचे स्नायू शिंकतानासुद्धा दुखत होते.

तुम्ही घेतलात तर वेळेबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. गेम फक्त तुम्ही प्रत्यक्ष हललात तेवढाच वेळ मोजतो. मेनू, गोष्टीतले संवाद, पुढचा वार निवडणं, पाणी पिणं यातलं काही धरत नाही. त्यामुळे घड्याळात पाऊण तास झालेला असतो आणि पडद्यावर वीस-बावीस मिनिटं दिसतात. माझ्या मैत्रिणीला याचा राग येतो. मला मात्र हा आकडा विश्वासाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सांगते. त्यातली माझी मिनिटं खरोखर किती भरली हे इथे फुगवून न सांगता कळतं.

व्यायाम किती जड हवा ते १ ते ३० मध्ये आपणच ठरवतो. आकडा वाढला की तोच राक्षस मारायला जास्त स्क्वॉट लागतात. घरात प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा. आमच्या आठवीतल्या चिरंजीवांना आकडा चढवायची भारी हौस, आणि त्यांच्या आकड्यावर आपण खेळायला गेलो तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. गुडघे, खांदे, पाठ दुखत असेल तर त्या-त्या जागेला सवलत देणारी सोय सेटिंगमध्ये आहे. माझे गुडघे कुरकुरतात म्हणून मी ती दिवाळीपर्यंत चालू ठेवली होती.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आणि खालच्या काकांना रक्तदाब, रात्री नऊला निजतात. जागेवर धावण्याची धपधप चालण्यासारखी नव्हती. त्यासाठी गेममध्ये आवाज न करता खेळायचा पर्याय आहे. धावण्याऐवजी गुडघ्यात हलकेच वाकत राहायचं, पात्र पुढे जातं. मांड्यांना तो धावण्यापेक्षा जड जातो, हेही सांगून ठेवते.

उणी बाजू. सेन्सर दोनच, एक हातात आणि एक डाव्या मांडीवर. तुमची पाठ गोल झालीय का, उजवा गुडघा आत झुकतोय का, टाच उचलली गेलीय का, हे त्याला दिसत नाही. पडद्यावर 'शाब्बास' येत राहतं आणि कंबर भलत्याच ठिकाणी दुखू लागते. मी टीव्हीशेजारी कपाटाचा आरसा येईल अशी सतरंजी फिरवून घेतली, आणि योगासनं तर आधी एका जाणकार बाईंकडून बघून घेतली. आपल्या जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रचार केला, शाळाशाळांतून तो नेला. इथल्या कितीतरी घरांत आजही कुणी ना कुणी नीट सूर्यनमस्कार घालणारं असतं. अशा माणसाला एकदा समोर बसवून आपले स्क्वॉट आणि वीरभद्रासन दाखवा. त्याची नजर जे पकडते ते या रिंगला पकडता येत नाही.

दुसरं, भाषा. मराठी नाही, हिंदीही नाही. सूचना इंग्रजीत भराभर येतात. सासूबाईंना त्यामुळे गोष्टीत रस नाही, पण रिंग त्यांनी आपलीशी केलीय. स्विच झोपलेला असतानाही रिंगचे दाब मोजले जातात, ५०० पर्यंत. त्या मालिका बघताना खुर्चीत बसून रिंग दाबतात आणि झाले की मला आकडा बघायला लावतात. खांदा आखडल्यामुळे त्यांचा हात वेणी घालायला मागे जात नव्हता, आता जातो. फिजिओने दिलेले व्यायामही चालू होते, त्यामुळे सगळं श्रेय रिंगला देणार नाही.

माझ्यात काय फरक पडला? वजन फारसं हललं नाही. खाण्यात बदल केल्याशिवाय ते हलणारही नाही, आणि कंदी पेढ्याच्या गावात ते वेगळंच प्रकरण आहे. पण मांड्यांत ताकद आली, हे नक्की. गॅसचा सिलिंडर सरकवताना, खाली बसून भाजी निवडून उठताना, बँकेचा जिना चढताना ते कळतं. गुडघ्यांची कुरकुर बरीच कमी झाली. डिसेंबरात सगळे मिळून अजिंक्यताऱ्यावर गेलो तेव्हा पाय एकदाही भरून आले नाहीत, पण अर्ध्या चढावर दम मात्र लागला. गेम ताकदीचं काम चांगलं करतो, दमाचं थोडंच करतो, कारण दर लढाईत आणि संवादात मध्ये मध्ये थांबावंच लागतं. म्हणून आता आठवड्यातून चार रात्री रिंग आणि रविवारी सकाळी गड, असं ठरवलंय. दोन्हींपैकी एक सोडायचं झालं तर उघड्या हवामानात मी गडच ठेवीन. पावसाळ्यात मात्र रिंगला माझ्यासाठी दुसरा पर्याय नाही.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. आपल्याकडे हे बहुतेक बाहेरून मागवलेलंच मिळतं, त्यामुळे दुकानागणिक भावात मोठा फरक पडतो. ज्या दुकानातून मी घेतला तिथे वॉरंटीचं काहीही लिहून मिळालं नाही. तुम्ही बिल आणि वॉरंटी दोन्ही लेखी घ्या. जुना वापरलेला मिळत असेल तर रिंगला चीर नाही ना आणि पट्ट्याचं वेल्क्रो घट्ट चिकटतं ना, हे हातात घेऊन बघा. स्विच लाइट, म्हणजे स्विचची हातात धरूनच खेळायची छोटी आवृत्ती, असेल तर तिचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, ते वेगळे विकत घ्यावे लागतील, आणि ती टीव्हीला जोडताही येत नाही. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर गेम चालतो, पण नवे कंट्रोलर रिंगमध्ये बसत नाहीत, जुनेच लागतात. एवढं बघून घेतलंत की बाकी फक्त सतरंजीएवढी जागा आणि डोक्यावर पंखा हवा.