आकाशकंदील की तिळगूळ? तिसरी-चौथीच्या गणितासाठी

मोजमाप शिकवायला दिवाळीचा आकाशकंदील उत्तम. पट्टी २ मिलिमीटर चुकली तरी कडा जुळत नाहीत. चूक मुलांना स्वतःच दिसते. लांबी पट्टीच्या टोकापासून नव्हे, ० च्या खुणेपासून मोजायची, हे फळ्यावर सांगून पटत नाही, कंदील करताना पटतं. आलेख मात्र इथे ओढूनताणून आणावा लागतो.

संक्रांतीला आलेख आपणहून येतो. लाडू, वडी की हलवा? हात वर करा, ताळ्याच्या खुणा मांडा, चौकटीच्या कागदावर स्तंभ रंगवा. १ चौकोन म्हणजे २ मुलं ठरवा; ७ जणांना वडी आवडली की साडेतीन चौकोन! त्या अर्ध्या चौकोनावरची मुलांची चर्चा ऐकण्यासारखी असते.

तिसरीला मी कंदील देईन, चौथीला तिळगूळ.