पुण्याच्या पेठांचे पुढे काय: चार प्रस्ताव आणि सही करण्यापूर्वीचे दोन प्रश्न

कसबा, शनिवार, बुधवार, शुक्रवार, रविवार, सदाशिव, नारायण या पेठांच्या भवितव्याची चार वेगवेगळी चित्रे सध्या पुणेकरांसमोर एकाच वेळी मांडली जात आहेत. एका चित्रात रस्ते रुंद झालेले आहेत किंवा वाहने जमिनीखालून धावत आहेत; दुसऱ्यात मोडकळीस आलेले वाडे एकत्र करून त्या जागी उंच इमारती उभ्या आहेत; तिसऱ्यात जुन्या आळ्या आणि वाडे दुरुस्त करून राखले आहेत; आणि चौथ्यात लक्ष्मी रस्त्यावर गाड्याच नाहीत. सुटे सुटे पाहिले तर प्रत्येक चित्र पटते. अडचण त्याला येते ज्याच्या नावावर पेठेत वाड्याचा हिस्सा, भाडेहक्क किंवा दुकान आहे, कारण त्याला कधी ना कधी यांपैकी एखाद्या प्रस्तावाच्या मागे सही, पैसा किंवा मत द्यावे लागते. हा आढावा त्याच्यासाठी आहे. प्रत्येक प्रस्तावाला येथे दोन प्रश्न विचारले आहेत: तो पुरा होण्यासाठी किती जणांनी एकत्र यावे लागते, आणि तो अर्ध्यावर थांबला तर मागे काय उरते. दुसरा प्रश्न पुण्यात विशेष महत्त्वाचा आहे, कारण 1987 च्या विकास आराखड्यातील कितीतरी आरक्षणे, जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा जानेवारी 2017 मध्ये मंजूर होईपर्यंत, कागदावरच राहिलेली होती.

रस्तारुंदीचा विचार सर्वांत जुना आहे आणि त्याचा हिशेबही लवकर आटोपतो. आराखड्यात रस्त्याची नवी रेषा आखली जाते, आणि रेषेच्या आड येणारी इमारत जेव्हा नव्याने बांधली जाईल तेव्हा ती मागे सरकेल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात एक घर मागे सरकते, शेजारचे भाडेकरू-मालक वादात अडकून जागच्या जागी राहते, त्याच्या पुढचे पुन्हा मागे सरकते, आणि रस्त्याची कड करवतीच्या दातांसारखी होते. सरकलेल्या घरापुढे जी मोकळी जागा मिळते तिथे दुचाक्या लागतात; वाहतुकीला तिचा उपयोग जवळजवळ शून्य. म्हणजे अर्ध्यावर थांबणे हीच या प्रस्तावाची नेहमीची अवस्था आहे.

शनिवारवाडा ते स्वारगेट भुयारी रस्त्याच्या मागणीत वाडेमालकांच्या संमतीचा प्रश्न कमी येतो, हे तिचे बळ आहे. परंतु भुयार फक्त पेठा ओलांडून जाणाऱ्यांच्या उपयोगाचे असते. शिवाजी रस्त्यावरची बरीच गर्दी मंडई, तुळशीबाग आणि बोहरी आळीकडे येणाऱ्यांची आहे, आणि तिला वरच उतरायचे आहे. शिवाय त्याच दिशेने जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग 29 सप्टेंबर 2024 पासून चालू झाला असून कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके थेट पेठांच्या पोटात आहेत. ज्या मार्गावर जमिनीखालून माणसे नेण्याची सोय आधीच झाली आहे, तिथे वाहनांसाठी दुसरे भुयार खोदण्यापूर्वी पहिल्याचा उपयोग किती होतो ते पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

समूह पुनर्विकासाचा प्रस्ताव मात्र सविस्तर तपासण्यासारखा आहे, कारण पेठांतील खरे दुखणे, म्हणजे पडायला आलेले वाडे, त्याला नेमके ठाऊक आहे. वाड्याची जागा दर्शनी बाजूस अरुंद आणि आत खोल असते. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, विटा-मातीच्या भिंती, आणि शेजाऱ्याशी बहुधा सामाईक भिंत. अशा एकट्या जागेवर नवी इमारत बांधायची तर उंचीच्या प्रमाणात बाजूला अंतर सोडावे लागते, वाहनतळ द्यावा लागतो, जिना आणि लिफ्ट बसवावी लागते, आणि एवढे वजा केल्यावर भाडेकरूंना परत द्यायची जागा आणि विकायची जागा या दोन्ही त्यात मावत नाहीत. चार-सहा वाडे एकत्र केले की हे गणित जुळू लागते. दुखण्याचे दुसरे कारण भाड्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 वर्षाला 4 टक्के भाडेवाढ मान्य करतो. पण मूळ भाडे महिना वीस रुपये असेल तर ती वाढ ऐंशी पैशांची होते. एवढ्या उत्पन्नावर कौले फिरवण्याचा खर्चही निघत नाही, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही, आणि हक्क जाईल या धास्तीने भाडेकरू घर सोडत नाही. दर पावसाळ्यापूर्वी महापालिकेच्या नोटिसा येतात, त्या दारावर चिकटतात, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारी नव्या चिकटतात.

येथे भाडेकरूंनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. महापालिकेने धोकादायक ठरवून इमारत पाडली तरी तेवढ्याने भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे वाडा पडला की सारे गेले, या भीतीपोटी घाईने कोणत्याही कागदावर सही करण्याचे कारण नाही. मात्र ताब्यातील जागेचे मोजमाप, भाडेपावत्या आणि वीजबिले हाताशी असली पाहिजेत, कारण पुढचा सगळा व्यवहार याच कागदांवर चालतो.

मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आत वाढीव एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) मिळतो आणि त्याची कमाल मर्यादा 4 आहे, हे वाक्य आज पेठेतल्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. वाक्य खरे आहे, पण त्याच्या पुढचा अर्धा भाग बहुतेक वेळा सांगितला जात नाही: किती एफएसआय वापरता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि भूखंडाच्या आकारावर ठरते. फडके हौदाजवळच्या बोळात, जिथे रिक्षा वळवताना चालकाला दोनदा मागेपुढे करावे लागते, तिथे 4 चा आकडा केवळ ऐकण्यापुरता आहे. कमाल एफएसआय धरून कोणी क्षेत्रफळाची आश्वासने देत असेल, तर आपल्या रस्त्याच्या रुंदीनुसार मिळणारा आकडा वास्तुविशारदाकडून लेखी मागावा.

समूह विकासाचे मोठे उदाहरण म्हणून मुंबईच्या भेंडी बाजाराचा दाखला दिला जातो. तिथे साडेसोळा एकर, सुमारे 250 इमारती, सुमारे 3,200 कुटुंबे आणि सुमारे 1,250 दुकाने एका विश्वस्त संस्थेने 2009 पासून हाती घेतली, आणि पहिल्या टप्प्यालाच सुमारे दहा वर्षे लागली. तिथे बहुसंख्य रहिवासी एकाच समाजाचे, त्यांच्या धर्मगुरूंचा शब्द प्रमाण, आणि पैसा उभा करणारी संस्थाही तीच होती. सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर अकरा चुलत भावंडांची नावे असतात, त्यांतील दोघे परदेशी, एक दिवंगत, आणि वारसनोंद प्रलंबित. असे पाच वाडे एकत्र आणायचे म्हणजे पाच जणांची नव्हे तर पन्नास जणांची संमती मिळवायची. अर्ध्यावर थांबल्याचा परिणामही सर्वांत कठोर याच प्रस्तावात आहे: वाडे पाडलेले, कुटुंबे धायरी किंवा कात्रजला भाड्याच्या घरात, आणि विकसकाकडून येणारे मासिक भाडे एके दिवशी बंद. म्हणून नोंदणीकृत करार, बँक हमी, पर्यायी निवासाचे आगाऊ भाडे आणि चटई क्षेत्राचा स्पष्ट उल्लेख, या चार गोष्टींशिवाय जागा रिकामी करू नये. नव्या इमारतीतील लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षकाचा मासिक खर्च कोण भरणार, हा पाचवा प्रश्न सेवानिवृत्तांनी आवर्जून विचारावा. दुकानदारांचा प्रश्न वेगळा आहे. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकाचे दुकान रस्त्याला लागून असते म्हणून चालते. नव्या संकुलात तेवढेच क्षेत्रफळ आतल्या गाळ्यात मिळाले, तर कागदावर नुकसान शून्य दिसेल आणि गल्ल्यावर मात्र लगेच जाणवेल.

वारसा जतनाच्या प्रस्तावाकडे पुण्यात हौसेचे काम म्हणून पाहिले जाते, ते योग्य नाही. महापालिकेने विश्रामबागवाडा आणि नानावाडा यांची दुरुस्ती केली, तेव्हा जुनी लाकडी बांधणी पुन्हा उभी करता येते आणि ती करणारे कारागीर अजून मिळतात, एवढे तरी सिद्ध झाले. परंतु ते दोन्ही सरकारी मालकीचे आहेत. खासगी वाड्याच्या मालकाने उंच बांधण्याचा हक्क सोडावा अशी अपेक्षा असेल, तर त्याला मोबदला हवा, आणि तो वारसा यादीतील इमारतींना टीडीआरच्या, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकण्याच्या मुभेच्या, रूपाने देण्याची तरतूद आहे. टीडीआरचा भाव मात्र बाजारावर, आणि सरकार अधिमूल्य घेऊन जो एफएसआय विकते त्याच्या दरावर चढउतरतो. तो पडला की वाडा राखणे तोट्याचे ठरते. अहमदाबादने पोळांच्या, म्हणजे दाटीच्या जुन्या गल्लीवस्त्यांच्या, जुन्या शहराला 2017 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळवून दिले, तिथेही घरमालकांसाठी टीडीआरचाच आधार घेतलेला आहे. पुण्यात या मार्गाचा सर्वांत खरा लाभ कारागिरांच्या वस्त्यांना होईल. कसब्यातील तांबट आळीत घर आणि काम एकाच छपराखाली आहे. तांब्याच्या भांड्यावर दिवसभर पडणारा हातोडा नवव्या मजल्यावर कोणतीही सोसायटी चालू देणार नाही, आणि तेथील कुटुंबांना प्रशस्त घर देणे म्हणजे व्यवहारात त्यांचा धंदा बंद करणे ठरेल. अर्ध्यावर थांबण्याच्या कसोटीवर हा प्रस्ताव चांगला उतरतो, कारण दुरुस्त झालेला प्रत्येक वाडा शेजाऱ्याची वाट न पाहता आपल्या पायावर उभा राहतो.

लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी राखण्याचा प्रयोग महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी, पादचारी दिनाच्या निमित्ताने, एका दिवसापुरता करून पाहिला. तो दिवस लोकांना आवडला. कायमस्वरूपी बदलाला मात्र व्यापाऱ्यांचा जो आक्षेप आहे तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब पिशव्या घेऊन किती लांब चालेल? याचे उत्तर रस्त्याच्या टोकांशी आहे. मंडईजवळची आणि हमालवाड्याची वाहनतळे, मंडईचे मेट्रो स्थानक, आणि पेठांतून दहा रुपयांत दिवसभर फिरता यावे म्हणून 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘पुण्यदशम’ सारख्या छोट्या बसगाड्या, हे सगळे आधी नीट चालले पाहिजे. रस्ता त्यानंतर बंद करावा. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या पट्ट्यात 2021 पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी आहे आणि मालाची ने-आण त्या वेळेबाहेर ढकलली आहे. लक्ष्मी रस्त्यासाठी हे वेळापत्रक सहज विचारात घेता येईल. येथे आणखी एक अट आहे जी दिल्लीला नाही. विसर्जन मिरवणूक याच रस्त्याने जाते आणि दिवसाहून अधिक काळ चालते, त्यामुळे झाडांच्या कुंड्या, बाके, खांब यांपैकी काहीही असे बसवता येणार नाही जे भाद्रपदात उचलता येत नाही. या प्रस्तावाला मालकी हक्काचा एकही कागद हलवावा लागत नाही, आणि तो फसला तर अडथळे काढून पूर्वीची वाहतूक सुरू करता येते. त्याची मर्यादाही तितकीच उघड आहे: रस्ता कितीही चालण्याजोगा झाला तरी त्यामागच्या बोळातील वाड्याची तुळई त्याने सावरत नाही, उलट दुकानांचे भाव वाढले तर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर घर सोडण्याचा दबाव वाढू शकतो.

निवड करताना सर्व पेठांना एकच उत्तर लावू नये. लक्ष्मी रस्ता किंवा तुळशीबागेच्या परिसरात दुकान असेल, तर वेळेच्या बंधनासह पादचारी रस्त्याला पाठिंबा द्यावा आणि त्या बदल्यात वाहनतळ व बससेवेची लेखी हमी मागावी. वाडा उभा असून चांगल्या लाकडाचा असेल, तर दुरुस्ती आणि टीडीआर यांचा हिशेब आधी मांडावा. तो पडलेला किंवा टेकूंवर असेल, तर पुनर्विकास टाळता येणार नाही, पण पंधरा वाड्यांच्या भव्य आराखड्यापेक्षा ज्यांच्या मालकीचे कागद स्वच्छ आहेत अशा लगतच्या दोन-तीन वाड्यांचे एकत्रीकरण मला अधिक विश्वासार्ह वाटते. त्यात एफएसआयचा लाभ थोडा कमी मिळेल, पण संमती मिळवायची माणसे ओळखीची असतील.

शनिवारवाड्यालगतच्या घरांची गोष्ट या सगळ्याहून निराळी आहे. तो केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने 2010 च्या सुधारित कायद्यानुसार त्याच्यापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत ते परवानगीच्या अधीन आहे. या पट्ट्यात समूह विकासाची माहितीपत्रके वाटली जात असतील, तर ती बाजूला ठेवून प्रथम नगर भूमापन कार्यालयातून आपल्या मिळकतीचे स्मारकापासूनचे अंतर काढून घ्यावे. आतल्या 100 मीटरमध्येही 16 जून 1992 पूर्वीपासून असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीला सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी मागता येते, आणि तो अर्ज पावसाळ्यानंतर नव्हे, आधी करायचा असतो.